कच्च्या कैद्याचा हिशेब उघडा करा

आणीबाणीत, १९७५ साली, येरवड्याच्या बराकी आपल्या कित्येक साथींनी अनुभवल्या. त्या राजबंद्यांची दखल देशाने घेतली. आज चाकण-भोसरीचा एखादा कंत्राटी कामगार त्याच भिंतींआड निकालाची वाट पाहत खितपत पडला, तर त्याची दखल कोण घेतो? सरकारी आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातील दर चार कैद्यांपैकी तिघे कच्चे कैदी होते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ४७९ वे कलम स्पष्ट आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रलंबित खटले वगळता, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ कोठडीत काढला, की त्याला बंधपत्रावर सोडावयाचे आहे. तसा अर्ज न्यायालयाकडे करणे हे तुरुंग अधीक्षकाचेच कर्तव्य होय. परंतु मुदत भरल्याचे कैद्याच्या बिऱ्हाडाला कोण कळवणार?

माहिती अधिकार कायद्याच्या ४ थ्या कलमाला अनुसरून अशा कैद्यांची संख्या व केलेले अर्ज तुरुंगांनी दरमहा जाहीर करावेत, ही आमची मागणी आहे. कामगार संघटनांनीही हे कलम चाळीचाळींत समजावून सांगावे. ठाऊक नसलेला हक्क गरिबाच्या काय कामाचा?