पुढारी कोणी निवडावा?

अमेरिकेत २०२४ साली जे घडले, ते परक्यांचे घरगुती भांडण म्हणून सोडून देण्याजोगे नाही. ८१ वर्षांचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी २१ जुलैला उमेदवारी मागे घेतली. मतदान होते ५ नोव्हेंबरला. राज्याराज्यांतील पक्षमतदारांचा कौल तोवर त्यांच्याच बाजूने लागून गेला होता. तेव्हा कमला हॅरिस यांना निवडले ते पक्षाच्या प्रतिनिधींनी, आणि पुढे त्या हरल्या. ज्येष्ठाने वेळेवर जागा सोडली नाही, की धाकट्याला लोकांची पारख होण्याइतकाही अवधी उरत नाही.

आम्हा ग्वाल्हेरकरांना याचे नवल वाटू नये. १९६७ साली राजमाता विजयाराजे शिंदे काँग्रेसमधून बाहेर पडल्या आणि त्याच वर्षी आमदारांच्या पक्षांतराने द्वारकाप्रसाद मिश्रांचे मंत्रिमंडळ कोसळले. १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा आला. तरी मार्च २०२० मध्ये ज्योतिरादित्य शिंदे यांनी काँग्रेस सोडताच २२ आमदारांनी राजीनामे दिले आणि २० मार्चला कमलनाथांना पायउतार व्हावे लागले. कायद्याने दार लावले. माणसे खिडकीतून गेली.

याचा दोष एका घराण्यावर ढकलणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. ज्या पक्षात पुढारी निवडण्याची उघड रीत नसते, तिथे रुसवा हीच रीत होऊन बसते.

आमच्या गायकीकडे पाहावे. ती शिंद्यांच्या दरबारी वाढली; पण टिकली ती केवळ दरबाराच्या आश्रयावर नव्हे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती महाराष्ट्रात नेली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरास विद्यालय काढले. मैफलीत गुरू मागे बसलेल्या शिष्याला मधूनमधून जागा देतो. गुरूचा आवाज थकण्याआधीच श्रोत्यांनी शिष्याला ऐकलेले असते. वारस कोण, हे मग कुणी जाहीर करावे लागत नाही.

पक्षांत अशी तालीम कुठे दिसते? आपल्या जुन्या घरांतून आजही मत ‘महालाकडे’ पाहून ठरते. २०१९ साली गुणे मतदारसंघाने ज्योतिरादित्यांनाच पराभूत करून ही सवय मोडता येते, हे दाखवले आहे. यापुढे मत मागायला जो दारी येईल, तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याला एवढेच विचारावे : तुमच्या शहरसमितीची निवडणूक शेवटी केव्हा झाली, आणि तीत हरलेला माणूस आज कुठे आहे?