कुदळ हातात देताना

घरात कुणाचं मन आजारी पडलं, की आपण मध्यमवर्गीय माणसं पहिली गोष्ट काय करतो? त्याच्या हातातलं काम काढून घेतो. "तू बस, तुला दगदग नको," असं म्हणता म्हणता बाजाराची पिशवी, दुधाचा हिशेब, दिवाबत्तीसुद्धा दुसऱ्याकडे जाते. यात माया असते, शंकाच नाही. पण माणूस खाटेला खिळतो तो या मायेनेच!

फिलाडेल्फियाच्या बेंजामिन रश या डॉक्टरने १८१२ साली मनोविकारांवर ग्रंथ लिहिला. त्यात एक मजेदार निरीक्षण आहे. इस्पितळात लाकडं फोडणारे, बागेत खणणारे रोगी पुष्कळदा बरे होतात. आणि मोठ्या घरचे म्हणून ज्यांना या कामांतून सूट मिळते, ते मात्र चार भिंतींत झिजत राहतात. खानदानीपणा तिथेही नडला म्हणायचा! आपल्याकडे रांचीच्या मनोरुग्णालयात १९२२ सालीच व्यवसायोपचाराचा विभाग निघाला होता.

बागेचंच काम का? मला वाटतं, माती घाई करत नाही आणि जाबही विचारत नाही. मेथी पेरली तर तीन-चार दिवसांत हिरवे ठिपके दिसतात, महिन्याभरात जुडी बांधता येते. ज्याला उद्याचा दिवस कसा जाईल हेच कळेनासं झालंय, त्याला एवढी मुदत पेलते. शिवाय रोपाला पाणी हवं म्हणून सकाळी उठावं लागतं. आजाराने आणि गोळ्यांनी जडावलेल्या अंगाला हे उठणं सोपं नसतं बरं का! गोळ्या अर्थातच चालू ठेवायच्या. लिथियम घेणाऱ्याने भर उन्हात घाम गाळू नये, पाणी पीत राहावं; क्लोरप्रोमॅझिनने कातडी उन्हाला हळवी होते. म्हणून वेळ सकाळची, डोक्याला टोपी.

पण या उपचाराचा एक काळा इतिहासही आहे. जुन्या वेड्यांच्या इस्पितळांना मोठमोठी शेतं असत. रोगी राबायचे, संस्थेचं कोठार भरायचं आणि त्याला नाव उपचाराचं! अमेरिकेत १९७३ साली साउडर विरुद्ध ब्रेनन या खटल्यात न्यायालयाने अशा कामालाही वेतनाचा कायदा लावला, तेव्हा कित्येक संस्थांनी मजुरी देण्याऐवजी कामच बंद केलं. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दोन्ही टोकं धरली आहेत: मानसोपचार संस्थेत रुग्णावर कामाची सक्ती नाही, आणि त्याने काम केलं तर योग्य मोबदला द्यायचा.

या मोबदल्याचं मोल मला माझ्या मावसभावामुळे कळलं. चाळिशीतला माणूस, स्किझोफ्रेनियाने पंधरा वर्षं घरात. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तो एका रोपवाटिकेत जाऊ लागला. मावशी पहिले आठ दिवस फाटकाबाहेर डबा घेऊन बसून! महिन्याअखेर त्याने पाकीट आणलं. मावशीने ते डोळ्यांना लावून देव्हाऱ्यात ठेवलं. दोन दिवस तो काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आई, देवाचं झालं असेल तर पैसे दे. मला चपला घ्यायच्या आहेत."

मावशी रडली, पण पाकीट तिने दिलं. आजार गेलेला नाही. मध्येच चार-चार दिवस तो जात नाही, भिंतीकडे तोंड करून पडतो. वाटिकेतली माणसं त्याचा वाफा तेवढे दिवस सांभाळतात, आणि तो परतल्यावर चौकशीचा भडिमार करत नाहीत.

यंदा दिवाळीला शेवंतीच्या कुंड्या अशाच एखाद्या ठिकाणाहून घ्यायचं तुमच्या मनात आलं, तर जरूर घ्या. फक्त दया म्हणून वर दहा रुपये ठेवू नका. आणि रोप मरतुकडं निघालं, तर तसं सांगून दुसरं मागा.