वॉर्ड कोणता, होस्टेल कोणतं?

विदर्भ एक्सप्रेस नाहीतर महाराष्ट्र एक्सप्रेसने गोंदियाला येताना डब्यात टाळी वाजली की आपण काय करतो? कोणी झोपेचं सोंग घेतो, कोणी दहाची नोट देऊन मोकळा होतो. पण मित्रहो, ती तृतीयपंथी व्यक्ती तापाने फणफणली तर जाते कुठे, हा विचार कधी केलाय?

दवाखान्यात भरती व्हायचं तर पुरुषांच्या वॉर्डात की बायकांच्या? इथेच गाडी अडते. एकीकडे टिंगल, दुसरीकडे कुजबुज. मग दुखणं अंगावर काढलं जातं.

ही अवहेलना जुनी आहे. इंग्रज सरकारने 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात यांची पोलिसांकडे नोंद ठेवायची सोय केली. नोंद झालेली व्यक्ती बायकांच्या वेषात रस्त्यावर दिसली तरी अटक! तो भाग 1911 साली रद्द झाला, पण लोकांची नजर बदलली नाही. 15 एप्रिल 2014 ला सुप्रीम कोर्टाने 'नालसा' खटल्यात तृतीय लिंगाला मान्यता दिली. त्या खटल्यात आपल्या ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठीही बाजू मांडायला उभ्या होत्या. दवाखान्यात नीट उपचार द्या, शिक्षणात आरक्षण द्या, असं कोर्टाने सरकारांना बजावलं. 2019 च्या कायद्याने हार्मोन उपचार आणि शस्त्रक्रियेची सोय करणं ही सरकारची जबाबदारी ठरवली. 2022 मध्ये केंद्राने वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या आरोग्य विम्याची घोषणा केली.

कागद झाले. पण योजना राबवतो तो खिडकीवर बसलेला माणूसच ना?

काहीजण म्हणतात, "यांना कष्ट नकोत, टाळी वाजवली की पैसे!" अहो, पण शाळेतच चिडवून चिडवून ज्याला बाहेर काढलं, त्याला नोकरी देणार कोण?

आणि दवाखान्याला नावं ठेवण्याआधी आपल्याकडे बघू. उद्या अशी एखादी व्यक्ती मेरिटवर आपल्या कॉलेजात आली, तर राहणार कुठे? बॉइज होस्टेल की गर्ल्स होस्टेल? म्हणजे वॉर्डाचाच प्रश्न! 'बायल्या' म्हणून हाका मारणं तर आपल्या मेसमध्ये रोजचंच. यूजीसीने 2016 मध्ये असा छळ रॅगिंगमध्ये धरला, हे किती जणांना माहीत आहे?

मागणं फार मोठं नाही. एक वेगळी खोली, कडी लागणारं बाथरूम आणि ती व्यक्ती जे नाव सांगेल त्या नावाने हाक. कोणी आल्यावर धावपळ करण्यापेक्षा रेक्टर सरांनी आणि आपण हे आधीच ठरवून ठेवलं, तर येणाऱ्याला यायचा धीर होईल.