भीती वाटून घ्यावी

माझ्यावर एक आरोप आहे, आणि तो मला मान्य आहे. २०२४ सालची दिवाळी मी न्यू जर्सीत मुलाकडे केली. तिथल्या मराठी मंडळींच्या फराळाच्या बैठकीत चकली मोडता मोडता मी सहज बोलून गेलो, की आठ दिवसांपूर्वी नातीला घेऊन थेटरात भुताचा सिनेमा पाहून आलो. बैठक एकदम गप्प झाली. मग एक सद्गृहस्थ (नाव सांगत नाही, माणूस सज्जन आहे आणि त्यांच्या घरचे अनारसे उत्तम असतात) बशी खाली ठेवून म्हणाले, "आबासाहेब, ऐन दिवाळीच्या तोंडावर? हॅलोविन त्यांचं, त्यांना लखलाभ. आपण पोरांना दिव्यांचे संस्कार द्यायचे, की भुतांचे?"

माझी जुनी खोड अशी, की उत्तर मला घरी परतल्यावर सुचते. तेव्हा मी नुसता हसलो आणि दुसरी चकली उचलली. पण सद्गृहस्थांचा प्रश्न सोडून देण्यासारखा नव्हता, कारण तो त्यांच्या एकट्याचा नाही. पुण्यात विचारला जातो, डोंबिवलीत विचारला जातो, आणि प्रत्येक वेळी विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर संस्कृतीचा पहारा आपण एकट्याने केल्याचा शीण असतो. म्हणून हे जाहीर उत्तर.

प्रथम पंचांग उघडू. त्या वर्षी नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली. म्हणजे ज्या पहाटे आपण तेल-उटणे लावून अभ्यंगस्नान केले, त्याच दिवशी संध्याकाळी अमेरिकेतली पोरे चेटकिणींच्या टोप्या घालून दारोदार गोळ्या मागत हिंडली. मुलाच्या घराच्या पायरीवर पणती आणि कोरलेला भोपळा शेजारी शेजारी तेवत होते. त्या दोघांत काही तंटा झाल्याचे माझ्या पाहण्यात आले नाही. तंटा फराळाच्या बैठकीत झाला.

आता विचारा, ही नरकचतुर्दशी कोणाची? एका राक्षसाच्या वधाची. कोकणात त्या पहाटे तुळशीपुढे कडू कारीट पायाच्या अंगठ्याने फोडतात. ते कशाचे प्रतीक, हे लहान मूलही सांगते. त्याच दिवशी यमाला तर्पण करण्याचा विधी आहे. त्याच्या आदल्या दिवशी, धनत्रयोदशीला, यमासाठी दक्षिणेकडे वात करून दिवा ठेवतात. वर्षातून तेवढ्या एका संध्याकाळी आपण मृत्यूच्या दिशेला तोंड करून उभे राहतो. गोव्यात तर पोरे कित्येक दिवस खपून नरकासुराचे अक्राळविक्राळ पुतळे उभारतात, रात्रभर मिरवतात आणि पहाटे जाळतात. बंगाल्यांकडे या तिथीचे नावच भूतचतुर्दशी; त्या रात्री ते चौदा दिवे लावतात. आणि हे सारे कोणत्या रात्रींच्या तोंडावर? अमावास्येच्या! सद्गृहस्थहो, भुते तुमच्या दिवाळीच्या आमंत्रितांच्या यादीत पहिल्यापासून आहेत. तुम्ही फक्त ती यादी वाचायचे सोडून दिले आहे.

तिकडच्यांचेही तेच. १ नोव्हेंबर हा त्यांच्या सर्व संतांचा दिवस, २ नोव्हेंबर सर्व मृतात्म्यांचा, आणि हॅलोविन ही त्या दिवसांची आदली रात्र. आयर्लंडातले लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. ते अमेरिकेत गेले, तिथे त्यांना भोपळा सापडला, आणि भोपळा कोरायला सोपा म्हणून तोच रूढ झाला. त्यांचा भोपळा आणि आमचे कारीट ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुळातली, हे मी आपले जाता जाता सांगून ठेवतो. आज हॅलोविनचा मोठा बाजार झाला आहे, हे कबूल. पण ज्याच्या घरी दिवाळीच्या खरेदीचा हिशोब लागलेला असेल, त्याने पहिला दगड मारावा.

इतके झाल्यावर दुसरा आक्षेप येतो, आणि तो अधिक शहाण्या माणसांचा असतो. "भुताच्या सिनेमांनी अंधश्रद्धा वाढते." अंधश्रद्धेचा मी हाडवैरी आहे. २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोण्याविरुद्ध कायदा केला, त्याचा मला अभिमान आहे. पण मांत्रिक आणि सिनेमावाला यांतला फरक तरी पाहाल की नाही? मांत्रिक तुम्हाला एकट्याला गाठतो, दार लावून घेतो, "कोणाला सांगू नका" म्हणतो, आणि भीती कधी संपणार हे सांगत नाही. कारण ती संपली की त्याचे उत्पन्न संपले. सिनेमावाला तिकिटावर वेळ छापतो, चारशे माणसांना एकत्र बसवतो, आणि दोन तासांनी दिवे लावून "घरी जा" म्हणतो. शिवाय त्याची लबाडी उघड असते. 'हॅलोविन' नावाचा जॉन कार्पेंटरचा प्रसिद्ध चित्रपट १९७८ साली पडद्यावर आला. त्यात शरद ऋतूतली पाने रस्त्यावर उडताना दिसतात. चित्रीकरण झाले होते वसंतात, कॅलिफोर्नियात! पाने रंगवून पसरली, दृश्य संपले की गोळा केली, आणि पुढच्या दृश्यासाठी पुन्हा पसरली. हे माहीत असूनही अंगावर काटा येतो. ज्याला पाने रंगवलेली आहेत हे ठाऊक असूनही काटा येतो, आणि काटा येऊनही पाने रंगवलेली आहेत याचा विसर पडत नाही, तो माणूस मांत्रिकाच्या दारात जाईल असे मला वाटत नाही.

आमच्या लहानपणीच्या हिंदी चित्रपटांनी तर या बाबतीत कमालच केली होती. 'महल' (१९४९), 'बीस साल बाद' (१९६२), 'वह कौन थी' (१९६४): तिन्हींत पांढरी साडी, धुके, रात्रीचे गाणे, आणि शेवटी भूत नाहीच! सारा माणसांचा कारभार. त्या काळच्या थेटराने अर्ध्या हिंदुस्थानला एक धडा शिकवला, की अंधारात कोणी गात असेल तर आधी ती कोण आहे याची चौकशी करावी.

'बीस साल बाद' आमच्या तालुक्याच्या गावी वर्षभराने आला. मी बारा वर्षांचा, थोरल्या भावाच्या बखोटीला धरून बाकावर बसलेला. पडद्यावर तो नखांचा पंजा आला आणि साऱ्या थेटराने एकदम श्वास घेतला. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. पण त्याहून जास्त लक्षात आहे ते खेळ सुटल्यानंतरचे. आमच्या आळीच्या वाटेवर पिंपळ होता, आणि पिंपळावर मुंजा होता, हे सर्वश्रुत होते. आळीतली वीस-पंचवीस माणसे थेटराच्या दाराशी घोटाळत उभी राहिली. कोणी पुढे होईना. शेवटी एकाच बॅटरीच्या उजेडात सगळे मिळून निघाले. त्यांत दोघे असे होते, की ज्यांचा बांधावरून सहा वर्षे कज्जा चालला होता. पिंपळाशी येताच त्यांतल्या एकाने दुसऱ्याचा दंड धरला. कज्जा पुढेही चालला, ते निराळे. पण त्या रात्री तो पिंपळापाशी थांबला होता.

माझा सगळा मुद्दा इथे आहे. भीती ही एकट्याने खायची वस्तू नव्हे. आज भुताचे सिनेमे बंद पडलेले नाहीत. उलट उदंड झाले आहेत. पण ते पाहिले कसे जातात? रात्री दोन वाजता, पांघरुणात, हाताएवढ्या काचेवर, कानांत बोंडे घालून! नको वाटले की बोट दाबून थांबवायचे, पुढे सरकवायचे, पुन्हा सुरू करायचे. हिचकॉकने १९६० साली 'सायको' लावला तेव्हा खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचे नाही असा दंडक घातला होता. आता प्रेक्षकच वाटेल तेव्हा आत-बाहेर करतो. अशा पाहण्यात भीती पुरती येत नाही आणि पुरती जातही नाही. ती उशाशी राहते. शेजारी किंचाळणारे कोणी नसते, आणि किंचाळीनंतर साऱ्या थेटरात जे खजील हसू पसरते तेही नसते. त्या हसण्यातच तर भीतीचा उतारा आहे! एकट्याला भीती वाटली तर तो आजार होतो. चारशे जणांना एकदम वाटली तर तो उत्सव होतो.

मात्र थेटराची वकिली करताना एक गोष्ट मी माझ्याच पक्षाला सुनावणार आहे. काही आईबाप चार वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन रक्तबंबाळ सिनेमाला येतात. हे मी दोन्ही देशांत पाहिले आहे. आपल्याकडे प्रौढांसाठीच्या चित्रपटाला अठरा वर्षांखालील मुलांना बंदी आहे, आणि दारावर ती पाळली जातेच असे नाही. अमेरिकेत 'आर' शिक्क्याच्या चित्रपटाला पालकांबरोबर कोणत्याही वयाचे मूल जाऊ शकते. १९६८ च्या ऑक्टोबरात जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' लागला. वयोमानाचे ते शिक्के तिथे सुरू झाले १ नोव्हेंबरला. दुपारच्या खेळाला पोरे नेहमीसारखी मजेने जाऊन बसली आणि रडत राहिली, असे समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी तेव्हा लिहून ठेवले आहे. भीती वाटून घ्यायची तर ज्याला आपला वाटा पेलेल त्यालाच तो द्यावा. तान्ह्याला मिरचीचा ठेचा भरवणाऱ्याला आपण रसिक म्हणत नाही.

म्हणून मी नातीला काय दाखवले तेही सांगतो. 'नोस्फेराटू', मुर्नाऊचा १९२२ चा जर्मन मूकपट. हॅलोविनच्या सुमारास अमेरिकेत गावोगावी तो लावतात, आणि पुष्कळदा साथीला जिवंत वाद्यवादन असते. या चित्रपटाची जन्मकथाही भुताचीच आहे. 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून तो बिनपरवाना काढला, म्हणून लेखक ब्रॅम स्टोकरच्या विधवेने दावा लावला, आणि १९२५ साली न्यायालयाने साऱ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. तरी काही प्रती वाचल्या, आणि मेलेला चित्रपट दर ऑक्टोबरात उठून बसतो.

जुने थेटर, कोपऱ्यात ऑर्गन वाजवणारा एक म्हातारा, भोवती सोंगे घेतलेली कॉलेजची मुले. नात बारा वर्षांची. पडद्यावर एका गावात साथ येते, आणि नायिका खिडकीतून पाहते तो रस्त्याने शवपेट्यांची रांग चाललेली असते. एकही शब्द नाही, किंकाळी नाही. नातीने माझा हात धरला आणि अखेरपर्यंत सोडला नाही. शेवटी कोंबडा आरवतो, खिडकीतून ऊन येते, आणि तो पिशाच उमराव विरून जातो. आपल्या आजीच्या गोष्टींतली भुतेही कोंबडा आरवला की जातात. इतका दूरचा जर्मन, पण नियम तोच.

परत येताना गाडीत बराच वेळ ती गप्प होती. मग तिच्या तोडक्या मराठीत म्हणाली, "आबा, आजीला नेलं तेव्हा तू घाबरला होता?"

त्या वर्षी वैशाखात तिची आजी गेली. पाच महिने आम्ही मोठी माणसे त्या मुलीपुढे त्याविषयी अक्षर बोललो नव्हतो. विषय निघाला की कोणी पाणी आणायला उठे. पोरीला भीती वाटेल म्हणून! भीती तिला वाटतच होती. आम्ही तिला ती एकटीला वाटू दिली होती, इतकेच. मी म्हटले, "हो बाळा. फार घाबरलो होतो." ती म्हणाली, "मी पण." नंतर घर येईपर्यंत ती आजीविषयी विचारत राहिली, आणि मी सांगत राहिलो. पुढल्या सीटवर माझा मुलगा गाडी चालवत होता. तो बोलला नाही, पण वळण चुकला आणि पुढे जाऊन परत फिरावे लागले.

आता त्या सद्गृहस्थांना माझे उत्तर. दिव्यांचे संस्कार द्यायचे की भुतांचे, असे तुम्ही विचारलेत. साहेब, ज्या पोराला अंधार कधी दाखवलाच नाही, त्याला पणती कशासाठी लावतात हे कोणत्या तोंडाने सांगणार? यंदा तुमच्या मंडळाने दिवाळीचा कार्यक्रम ठरवताना नाट्यगीते जरूर ठेवावीत, फॅन्सी ड्रेस ठेवावा. पण एका रात्री हॉल अंधारा करून मोठ्या पडद्यावर एखादा जुना, रक्त न सांडणारा भुताचा सिनेमा लावावा. बारा वर्षांपुढच्या साऱ्यांना बोलवावे. आजोबांना पोरांच्या शेजारी बसवावे. खेळ संपला की लगेच दिवे लावू नयेत; मिनिटभर थांबावे.

मग फराळ. अनारसे तुमच्याकडचे असू द्या. मी तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसेन. आणि पडद्यावर काही हलले तर माझा दंड धरायला संकोच करू नका.