टर्की म्हणजे मोठी कोंबडी नव्हे

टर्कीची दहा-वीस पिल्ले विकत आणायची आणि घरच्या कोंबडीच्या पिल्लांतच सोडून द्यायची, असे परसबागेत सर्रास होते. ब्रूडर तोच, बल्ब तोच, खाली पसरलेले तूस तेच आणि खाद्याची गोणीही तीच. बदकाची चार पिल्ले असली तर तीही त्याच घोळक्यात. पहिल्या आठवड्यात काही टर्की दगावतात, दीड-दोन महिन्यांनी आणखी काही, आणि मग सगळा ठपका जातीवर येतो: टर्की नाजूक, आपल्या हवेत टिकत नाही. हा ठपका मला अन्यायाचा वाटतो. तमिळनाडू आणि केरळच्या उष्ण, दमट हवेत शेतकरी टर्की पाळतात. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने ‘कारी विराट’ ही टर्कीची जातही विकसित केली आहे. मग हवेला दोष देऊन कसे चालेल? कोंबडीच्या मापाने बेतलेल्या व्यवस्थेत टर्कीला बसवले जाते, आणि बऱ्याचदा ती मरते ती त्यामुळे. म्हणून टर्कीची पिल्ले पहिल्यापासून वेगळी वाढवावीत आणि जिथे कोंबड्या फिरल्या त्या जमिनीवर ती सोडूच नयेत, असे माझे ठाम मत आहे.

या दोन पक्ष्यांची मुळे दोन वेगळ्या खंडांत आहेत. कोंबडी आशियातल्या रानकोंबड्यापासून आली. टर्की उत्तर अमेरिकेच्या रानातली, मेक्सिकोत माणसाळलेली. आपल्याकडे तिची प्रसिद्ध नोंद जहांगीर बादशहाची आहे. १६१२ मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून जे नवलाईचे प्राणी दरबारात नेले त्यांत टर्की होती, आणि उस्ताद मन्सूरने काढलेले तिचे चित्र आजही टिकून आहे. या गोष्टीला चारशे वर्षे उलटली, तरी कोंबडीच्या पोटातल्या एका सूक्ष्मजीवाशी टर्कीच्या शरीराचे अजून जमलेले नाही.

त्या सूक्ष्मजीवाचे नाव हिस्टोमोनास, आणि तो ज्या रोगाला कारण होतो त्याला ‘ब्लॅकहेड’ म्हणतात. एकत्र संगोपनाच्या विरोधातला सर्वांत भक्कम पुरावा हाच. कोंबडीच्या आंधळ्या आतड्यात हेटेराकिस नावाचा बारीक जंत असतो. त्याच्या अंड्यांत हा सूक्ष्मजीव लपून राहतो आणि विष्ठेतून जमिनीवर येतो. ही अंडी मातीत काही वर्षेसुद्धा जिवंत राहतात. गांडुळाने ती गिळली तर त्याच्या अंगात साठतात, आणि पावसाळ्यात वर आलेले गांडूळ टर्कीने टिपले की रोग तिच्या पोटात पोचतो. कोंबडीला या साऱ्याचा फारसा त्रास होत नाही. ती खाते, अंडी घालते, धडधाकट दिसते. लागण झाल्यावर साधारण सात ते बारा दिवसांनी टर्कीचे पिल्लू मात्र पंख पाडून, मान खाली घालून कोपऱ्यात उभे राहते आणि त्याच्याखाली गंधकासारखी पिवळीधमक विष्ठा पडलेली असते. मेलेले पिल्लू उघडले तर यकृतावर गोल, मधे खोलगट असे डाग दिसतात. डोके काळे पडतेच असे नाही, त्यामुळे नावावर विसंबून रोग ओळखायला जाऊ नये. कळपात एकदा रोग शिरला की पुढे जंताचीही गरज उरत नाही; एका टर्कीकडून दुसरीला तो थेट लागतो आणि शंभरातली ऐंशी किंवा त्याहून जास्त पिल्ले जाऊ शकतात. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ यांनी या रोगाचे वर्णन केले ते १८९५ मध्ये. तिथे या रोगावर परवानगी असलेले शेवटचे औषध, आर्सेनिक असलेले नायटार्सोन, २०१५ च्या अखेरीस बाजारातून गेले. ज्या रोगावर भरवशाचे औषध हाती नाही, तिथे दूर ठेवणे हाच इलाज.

माती सोडा, पिल्ले सिमेंटच्या फरशीवर वाढवली तरी खाद्याचा प्रश्न उरतोच. टर्कीच्या पिल्लाला पहिले चार आठवडे २८ टक्क्यांच्या आसपास प्रथिने लागतात. अंड्यावरच्या कोंबडीच्या पिल्लाचे १८ ते २० टक्क्यांत भागते, ब्रॉयलरचे २२-२३ टक्क्यांत. म्हणजे एकाच गोणीतून दोघांना खाऊ घातले तर टर्की उपाशी राहते किंवा कोंबडीवर विनाकारण पैसा जातो. याहून मोठा धोका गोणीवरच्या बारीक अक्षरांत असतो. कोंबडीच्या पिल्लांना रक्ती हगवण होऊ नये म्हणून खाद्यात बऱ्याचदा सॅलिनोमायसिन घातलेले असते. कोंबडीला ते चालते. टर्कीला ते विषारी ठरते, पाय लुळे पडून पक्षी मरतात. पेंडेचेही तसेच. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाच्या घरात टर्की मेल्या. कारण शोधता शोधता ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडेवरची बुरशी सापडली आणि अफ्लाटॉक्सिन या विषाची जगाला ओळख झाली. हे विष बदकाच्या आणि टर्कीच्या पिल्लांना कोंबडीपेक्षा कितीतरी कमी मात्रेत मारते. शेंगदाणा पेंड आपल्याकडे घरोघरी वापरात आहे. पावसाळ्यात कोंदट खोलीत ठेवलेली पेंड कोंबड्यांनी पचवली म्हणून ती टर्कीला चालेल असे अजिबात समजू नये.

बदकाच्या पिल्लांबद्दल थोडक्यात सांगतो. ती पाण्यात खेळतात, तूस ओले करतात, आणि ओल्या तुसावर ३५ अंशांची ऊब हवी असलेले टर्कीचे पिल्लू गारठते. शिवाय बर्ड फ्लूचा विषाणू बदके कोणतेही लक्षण न दाखवता बाळगू शकतात, तर टर्की त्याला पटकन बळी पडते. २००६ मध्ये बर्ड फ्लूच्या साथीत नवापूरने जे सोसले त्यानंतर महाराष्ट्राला याचे गांभीर्य वेगळे समजावण्याची गरज नसावी.

आता दुसरी बाजू. अनुभवी पाळणारे सांगतात की टर्कीच्या पिल्लाला खाणे-पिणे शिकवावे लागते, आणि कोंबडीचे पिल्लू हा त्याचा उत्तम शिक्षक. यातले पहिले विधान पूर्ण खरे आहे. खाद्य समोर असून चोच न मारल्याने, पोटातला बलक संपताच पिल्ले मरतात; सुरुवातीच्या मृत्यूंचे हे मोठे कारण. पण शिकवायला कोंबडीच लागते असे नाही. पाण्याच्या भांड्यात रंगीत गोट्या टाकल्या की पिल्लू त्या चकाकीवर चोच मारते आणि चोच भिजली की पिऊ लागते. खाद्यावर बारीक चिरलेला हिरवा पाला भुरभुरला तर ते तिकडे वळते, कारण हिरवा रंग त्याला ओढतो. तमिळनाडूत पहिले पंधरा दिवस लिटरभर पाण्यात १०० मिली दूध आणि दहा पिल्लांमागे एक उकडलेले अंडे देण्याची शिफारस आहे. एवढे करूनही कोणाला कोंबडीचे पिल्लू ठेवायचेच असेल, तर हॅचरीतून आलेले एका दिवसाचे, नव्या तुसावर आणि दोन-तीन दिवसांपुरतेच ठेवावे. हेटेराकिस जंत कोंबडीच्या अंड्यातून पिल्लात उतरत नाही, म्हणून इतकी सवलत देता येते. मायकोप्लाझ्मा हा जंतू मात्र अंड्यातूनही उतरतो आणि टर्कीचा चेहरा सुजवतो, म्हणून पिल्लू कुठल्या हॅचरीचे हे बघावेच लागते.

दुसरा आक्षेप असा की अनेक जण वर्षानुवर्षे सगळे एकत्र पाळतात आणि त्यांचे काही बिघडत नाही. हे मी नाकारत नाही. प्रत्येक रोग इकडून तिकडे जातो असेही नाही: रक्ती हगवणीचे जंतू कोंबडीचे कोंबडीपुरते आणि टर्कीचे टर्कीपुरते असतात. उलट मरेक्स रोगावर कोंबडीला दिली जाणारी लस टर्कीच्याच विषाणूपासून बनली आहे. जिथे मातीत तो जंत नाही तिथे ब्लॅकहेड होणार नाही. पण जंत नाही हे कळणार कसे? धडधाकट कोंबडीकडे पाहून ते कळत नाही, आणि कळते तेव्हा पिवळी विष्ठा समोर असते. खुडूक कोंबडीखाली टर्कीची अंडी उबवणाऱ्यांनाही हेच लागू आहे. अंडी २८ दिवस जरूर उबवून घ्यावीत, पण पिल्ले बाहेर पडली की त्या कोंबडीमागे मातीत फिरू देऊ नयेत.

राहिला खर्च. गरिबाने दोन ब्रूडर कुठून आणायचे, हा प्रश्न रास्त आहे. पण वेगळे ठेवण्यासाठी दुसरी शेड लागत नाही. पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे एक कडे, एक जादा बल्ब, स्वतंत्र भांडी आणि पायात घालायला वेगळ्या चपला एवढे सुरुवातीला पुरते. कामाचा क्रम मात्र पाळावा: आधी टर्की, मग कोंबड्या, उलट कधीच नाही. महागाची गोष्ट एकच, जमीन. ज्याच्याकडे कोंबड्यांनी उकरलेले अंगण सोडून दुसरी जागा नाही, त्याने टर्की घेऊ नये, किंवा जाळीच्या उंच तळावर पाळावी. हे ऐकायला कडू आहे, पण पिल्लांचे पैसे बुडाल्यावर ऐकण्यापेक्षा आधी ऐकलेले बरे.

हे सगळे पिल्ले विकतानाच सांगितले गेले पाहिजे. परसबागेतल्या कुक्कुटपालनाच्या प्रशिक्षणात टर्कीसाठी वेगळा तास असावा, आणि विक्रेत्याने पिल्लांच्या खोक्यासोबत मराठीत छापलेला एक कागद द्यावा. तोपर्यंत घेणाऱ्यानेच दोन गोष्टी तपासाव्यात: पिल्ले जिथे सोडणार तिथे गेल्या काही वर्षांत कोंबड्या होत्या का, आणि खाद्याच्या गोणीवर सॅलिनोमायसिन लिहिले आहे का. यांपैकी एकाचे जरी उत्तर ‘हो’ आले, तरी ते बदलेपर्यंत पिल्ले आणू नका.