गुडघ्यांसाठी बागेत एक वर्ग हवा

मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका, शिवाजीनगर



रस्ते, पाणी, कचरा यांविषयी आपल्याला रोज पत्रं येत असतील. हे पत्र गुडघ्यांविषयी आहे. मी या शहरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. साठी ओलांडलेली माणसं, त्यातही बायका, गुडघ्यांची झीज घेऊन येतात तेव्हा बहुतेकांच्या कानावर एक सल्ला आधीच पडलेला असतो : 'वंगण संपलंय, आता चालणं कमी करा.' सल्ला मायेनं दिलेला असतो, पण त्यापायी आधी जिना सुटतो, मग देऊळ सुटतं, मग भाजी आणायला जाणंही सुटतं.

गुडघ्याला विश्रांतीपेक्षा हालचालीची गरज जास्त आहे. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार येतो आणि सुटतो, तेव्हा आतला द्रव खेळता राहतो आणि त्यातून कूर्चेचं पोषण होतं. पाय वापरला नाही की मांडीचा पुढचा स्नायू वाळत जातो. पायरी उतरताना जो भार या स्नायूनं पेलायचा, तो मग सांध्यावर येतो. दुखतं म्हणून माणूस हलत नाही आणि हलत नाही म्हणून आणखी दुखतं. हे चक्र मोडायचं तर स्नायूंत ताकद आणावी लागते, आणि सत्तरीतही ती आणता येते.

याला भक्कम पुरावा आहे. गुडघ्यांची झीज असलेल्या, साठीच्या पुढच्या ४३९ जणांवर अमेरिकेत झालेला अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींनी चालण्याचा आणि काहींनी ताकदीचा व्यायाम केला, तर काहींना फक्त आरोग्याची माहिती दिली गेली. दीड वर्षानंतर व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांचं दुखणं माहिती घेणाऱ्यांपेक्षा कमी होतं, त्यांना रोजची कामं अधिक सहज जमत होती आणि एक्स-रेमध्ये त्यांची झीज इतरांपेक्षा वाढलेली नव्हती. डेन्मार्कनं २०१३ मध्ये हेच ज्ञान गावोगाव नेलं. तिथल्या 'ग्लॅड' उपक्रमात आधी आजार समजावून सांगतात, मग सहा आठवड्यांत देखरेखीखाली बारा वेळा व्यायाम करून घेतात. पुढे ऑस्ट्रेलिया आणि कॅनडानंही तो उपक्रम स्वीकारला.

पुण्याला तर यासाठी दूर पाहायचीही गरज नाही. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये या शहरात आले. ज्याचं शरीर वाकत नाही त्यालाही खुर्ची, पट्टा, वीट, लोड यांच्या आधारानं आसन करता येतं, हे त्यांनी इथून जगाला शिकवलं. डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीयांच्या गुडघ्यांसाठी कृत्रिम सांधा इथेच घडवला. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर केंद्र सरकारनं ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली, तेही योग्यच झालं. ज्यांचा सांधा पार निकामी झाला आहे, त्यांना शस्त्रक्रिया वरदान ठरते. पण तिथवर पोहोचण्याआधीची कितीतरी वर्षं माणूस दुखणं सोसत असतो. त्या वर्षांत त्याच्यासोबत कोण आहे? गोळी, मलम आणि गरम पट्टा, एवढंच.

पालिकेच्या बागांत ओपन जिम आहेत, हे मला माहीत आहे. तिथली यंत्रं पाहून आनंदही होतो. पण कोणतं यंत्र कुणी, किती वेळा आणि कशाला धरून वापरायचं, हे सांगणारं माणूस तिथे नसतं. मग कुणी झोके घेतल्यासारखे पाय हलवून घरी जातो, तर कुणी पहिल्याच दिवशी नको इतका जोर लावून पुन्हा फिरकत नाही. पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज चढणाऱ्यांचा या शहराला अभिमान आहे. ज्यांना पहिलीच पायरी अवघड वाटते, त्यांच्यासाठीही काही असायला हवं.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक प्रभागातल्या एका बागेत किंवा विरंगुळा केंद्रात आठवड्यातून दोनदा, सहा आठवड्यांचा गुडघ्यांचा वर्ग सुरू करा. त्यासाठी हातांच्या भक्कम खुर्च्या, धरायला कठडा, एक बुटकी पायरी आणि सावली एवढं पुरे. खुर्चीतून सावकाश उठणं-बसणं, सरळ पाय उचलून धरणं, टाचा उचलणं, पाय बाजूला नेणं, पायरीवर चढ-उतार, आधार धरून एका पायावर उभं राहणं. हे सगळं आठ-दहा वेळांपासून सुरू करून हळूहळू वाढवायचं. शिकवायला फिजिओथेरपिस्ट हवा. मदतीला शहरातल्या फिजिओथेरपी महाविद्यालयांचे इंटर्न येऊ शकतील. पहिल्या आणि शेवटच्या दिवशी तीस सेकंदांत प्रत्येक जण किती वेळा खुर्चीतून उठतो, याची नोंद ठेवा. उपयोग झाला की नाही, ते आपल्यालाच दिसेल. शिवाय बागांमधल्या काही बाकांची उंची वाढवून त्यांना हात बसवा, म्हणजे बसलेल्या माणसाला कुणाचा हात न धरता उठता येईल.

हे पत्र वाचणाऱ्या ज्येष्ठांनाही सांगते. सुरुवातीला थोडं दुखेल, त्याला घाबरू नका. दुखणं सोसण्याजोगं असेल आणि चोवीस तासांत पूर्ववत होत असेल, तर व्यायाम चालू ठेवा. त्याहून जास्त टिकलं तर पुढच्या वेळी प्रमाण कमी करा. गुडघा लाल, गरम होऊन सुजला, अडकू लागला किंवा अचानक दगा देऊ लागला, तर आधी डॉक्टरांना दाखवा. घरकामानं पाय थकतात, पण ताकदीचा व्यायाम त्यात होत नाही. तो वेगळा करावा लागतो.

आयुक्त महोदय, बागा, केंद्रं, महाविद्यालयं आणि ज्येष्ठ नागरिक संघ हे सगळं शहरात आहे. त्यांना एकत्र आणणारा आदेश फक्त आपण काढू शकता. निदान पाच बागांपासून सुरुवात करा आणि येत्या अंदाजपत्रकात या वर्गांसाठी स्वतंत्र तरतूद करा, ही कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
पुण्यातील एक फिजिओथेरपिस्ट