'पारंपरिक' म्हणजे नक्की कोणाचा?

शिवजयंतीला माहुलच्या मंचावर मुलं अफजलखानवधाचा जुना पोवाडा म्हणतात आणि निवेदक दरवर्षी सांगतो, "सादर आहे पारंपरिक पोवाडा." मला या 'पारंपरिक'चा राग येतो. आदराने वापरलेला हा शब्द शाहिराचं नाव पुसून टाकतो.

पोवाडा निनावी नसतोच. शेवटी शाहीर आपलं नाव गुंफतो, ते उगाच नाही. १६५९च्या त्या प्रसंगावरचा पोवाडा अज्ञानदासाचा. कोणी त्याला अगिनदास म्हणतात. नावात घोळ आहे, माणसात नाही. जिजाऊंनी त्याला घोडा आणि सोन्याचा तोडा दिल्याचं सांगतात. म्हणजे तो बिदागी घेणारा कलावंत होता, 'परंपरा' नव्हता. तानाजीचा पोवाडा तसाच तुळशीदासाचा.

मग हे आपल्यापर्यंत आलं कसं? गोंधळ्यांच्या तोंडून. त्यांनी पिढ्यान् पिढ्या गायलं, गाताना शब्द बदलले, काही ओळी गाळल्या असतील, काही घातल्याही असतील. ते कागदावर आणलं शंकर तुकाराम शाळिग्राम आणि हॅरी अ‍ॅकवर्थ यांनी, १८९१ साली. हा अ‍ॅकवर्थ मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर. माहुलहून खाडीपलीकडे वडाळ्याला कुष्ठरोग रुग्णालयावर त्याचं नाव अजून आहे. साहेबाचं नाव इमारतीवर टिकलं, शाहिराचं मंचावरून गेलं!

यावर ठरलेलं उत्तर येतं: लोकांच्या तोंडी रुळलं की ते लोकांचं. अर्धं खरं आहे. पण 'लोक' म्हणजे कोण? संबळ वाजवणारे, रात्रभर जागणारे गोंधळी. त्यांचा उल्लेख तरी कुठे करता? आणि साहेबाचा हात लागला म्हणून संग्रहच बाटला म्हणणाऱ्यांना काय सांगावं! अस्सल, सोवळा पोवाडा त्यांनी कुठून आणायचा?

अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले, इथून फार लांब नाही. महायुद्ध चालू असताना त्यांनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला. व्होल्गाकाठची लढाई आणि साज मराठी डफाचा. त्याला अजून कोणी पारंपरिक म्हणत नाही, कारण कर्ता आठवतो. विसरायला किती वर्षं लागतील, एवढाच प्रश्न.

गेल्या वर्षी मी निवेदकाच्या हातात चिठ्ठी दिली: 'शाहीर अज्ञानदास'. त्याने ती खिशात घातली आणि 'पारंपरिक' म्हणाला. यंदा पुन्हा देणार आहे. खाली गोंधळ्यांचाही उल्लेख असेल, आणि अक्षरं जरा मोठी.